पेलणारा पाय

तमिळनाडूत गणपतीपुढे नमस्कार करण्याची रीत आपल्यापेक्षा वेगळी आहे. कुंभकोणमपासून सात-आठ किलोमीटरवर पट्टीश्वरम् नावाचं गाव आहे. तिथे धेनुपुरीश्वराचं मोठं देऊळ, उत्तरेच्या दाराशी दुर्गा, आणि राहुकाळ साधून लिंबाच्या सालीत दिवे लावायला आलेल्या बायकांची गर्दी. तिथली माणसं पिळ्ळैयारपुढे, म्हणजे आपल्या गणपतीपुढे येतात, तेव्हा आधी मुठींनी कपाळाच्या दोन्ही बाजू हलक्या ठोकतात. मग हातांची छातीवर फुली करून उजव्या हाताने डावा कान आणि डाव्या हाताने उजवा कान धरतात, आणि गुडघे वाकवून खाली जाऊन वर येतात. एकदा नव्हे, तीनदा किंवा त्याहून जास्त. याला तोप्पुकरणम् म्हणतात.

घाईतला माणूस नुसतेच गुडघे लववतो. पण सवयीची म्हातारी बाई पूर्ण खाली जाते आणि तितक्याच शांतपणे उभी राहते. पाहण्यासारखी गोष्ट अशी की त्या वेळी तिचे दोन्ही हात कानांवर असतात. मांडीवर हात टेकून जोर काढता येत नाही, खांब धरता येत नाही, शेजारणीच्या खांद्याचा आधार घेता येत नाही. शरीराचं सगळं वजन पायांनी, कुल्ल्यांनी आणि पाठीने पेलायचं. या प्रथेमागची गोष्टही मजेची आहे. गणपतीने मामाचं, म्हणजे विष्णूचं चक्र तोंडात घातलं आणि काही केल्या सोडेना, तेव्हा विष्णूने चारही हातांनी कान धरून अशा उठाबशा काढल्या. ते पाहून गणपतीला इतकं हसू आलं की चक्र तोंडातून बाहेर पडलं.

हीच हालचाल आपल्याकडे दोन ठिकाणी दिसते. तालमीत ती बैठक आहे, आणि तिथे तिला मान आहे. शाळेत ती कान धरून काढायची उठाबशी आहे, आणि तिथे ती शिक्षा आहे. तमिळ शाळांतही ती शिक्षा म्हणून दिली जाते, पण तिथल्या मुलाला तीच क्रिया देवासमोर आजीबरोबर करायलाही मिळते. आपल्या मुलाच्या वाट्याला बहुधा फक्त अपमान येतो. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी केली, तरी उठाबशा पुरत्या गेलेल्या नाहीत. मला यातलं दुःख दुहेरी वाटतं. मुलाचा अपमान होतो हे तर आहेच. शिवाय जी एक हालचाल त्याने ऐंशीव्या वर्षापर्यंत सांभाळायला हवी, तिचीच त्याला लाज वाटू लागते.

घरच्या घरी करायच्या व्यायामाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते या हालचालीपासून सुरू होतं. ताण देण्याचे व्यायाम वेगळे आणि ताकदीचे वेगळे, योगासनं लवचीक होण्यासाठी आणि वजनं बळकट होण्यासाठी, ही वाटणी आपण फार सहज मान्य केली आहे. ही वाटणी चुकीची आहे. शरीर ज्या स्थितीत स्वतःचं वजन पेलू शकत नाही, त्या स्थितीपर्यंत ते आपल्याला सुखाने जाऊ देत नाही. ताकद आणि लवचीकता एकाच कामातून येतात, ते काम स्वतःच्याच वजनाने होतं, आणि त्याला लागणारी जमीन प्रत्येक घरात आहे.

जमिनीवर बसून उठण्याची एक साधी चाचणी ब्राझीलमधल्या डॉक्टर क्लाउडिओ जिल आराउजो यांनी रूढ केली. कशाचा आधार न घेता खाली बसायचं, तसंच उठायचं. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात टेकला, गुडघा टेकला, मांडीवर हात ठेवला की दर वेळी एक गुण कमी, तोल गेला की अर्धा. 51 ते 80 वर्षांच्या 2,002 माणसांची त्यांनी अशी चाचणी घेतली आणि पुढची काही वर्षं त्यांचा माग ठेवला. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शून्य ते तीन गुण मिळवणाऱ्यांमधला मृत्यूचा धोका आठ ते दहा गुणवाल्यांच्या तुलनेत पाच-सहा पट दिसला. उठता न येण्यानेच माणूस मरतो असा याचा अर्थ नाही. पण पायातली ताकद, सांध्यांची मोकळीक, तोल आणि अंगावरची चरबी या चारही गोष्टींचा हिशेब ती एक हालचाल मांडते. ज्यांच्या घरात चार पिढ्या पाटावर जेवल्या, त्यांना अशा चाचणीची गरज पडावी हे आपल्या आजच्या राहणीबद्दल बरंच सांगतं. जेवणाचं टेबल आलं, कमोड आला, सोफा आला, ओटा आला. यातली एकही गोष्ट वाईट नाही. पण या साऱ्यांनी मिळून दिवसातून वीस-पंचवीस वेळा होणारं उठणं-बसणं काढून घेतलं आणि त्याच्या जागी काहीच ठेवलं नाही.

पट्टीश्वरमच्या आसपासचा हा कावेरीकाठ मराठी माणसाला परका नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि 1855पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं. रामदासी मठ इथे झाले, रामदासांचे शिष्य भीमस्वामी इथल्याच मठाचे. सरफोजीराजांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार भाऊ होते. आज भरतनाट्यम् ज्या क्रमाने शिकवलं आणि सादर केलं जातं तो क्रम बांधण्याचं श्रेय त्यांना देतात. सरफोजीराजांनी स्वतः नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. अशा दरबारात घडलेल्या या नृत्याचा पाया आहे अरैमंडी: टाचा जवळ, पावलं बाहेर वळलेली, गुडघे कडेला उघडलेले आणि शरीर अर्धं खाली गेलेलं, पाठ मात्र ताठ. नवी मुलगी पहिली कित्येक वर्षं याच स्थितीत पाय आपटत अडवू, म्हणजे नृत्याच्या मूळ हालचाली, घोटते. मांड्या थरथरतात, घाम फुटतो, गुरू म्हणतात, आणखी खाली. मुळुमंडीत तर पूर्ण बसून पुन्हा उठायचं. आता हा व्यायाम लवचीकतेचा की ताकदीचा? जांघेचे सांधे उघडल्याशिवाय अरैमंडी बसत नाही आणि मांड्यांत जोर आल्याशिवाय ती टिकत नाही. नर्तकीच्या गुरूंनी या दोन गोष्टींसाठी दोन तास वेगळे कधीच ठेवले नाहीत.

पट्टीश्वरमहून तीन-चार किलोमीटरवर दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर आहे, बाराव्या शतकातलं. त्याच्या जोत्यावर नर्तक आणि कसरतपटूंच्या लहान लहान आकृती आहेत. कुंभकोणममध्ये सारंगपाणीच्या गोपुरावर नाट्यशास्त्रातली करणं, म्हणजे नृत्यातल्या ठरलेल्या अंगस्थिती, कोरलेली आहेत, आणि तंजावरच्या बृहदीश्वराच्या विमानात वरच्या मजल्यावर 108पैकी 81 करणं कोरून झालेली व उरलेल्यांच्या शिळा कोऱ्या राहिलेल्या आहेत. त्यात ललाटतिलक नावाचं करण आहे. एक पाय उचलून थेट कपाळापर्यंत नेलेला. असं काही पाहिलं की आपली नजर वर गेलेल्या पायावर खिळते आणि आपण म्हणतो, काय लवचीक अंग! मला वाटतं, पाहायला हवा तो खालचा पाय. सगळं शरीर एका तळव्यावर, एका घोट्यावर, एका बाजूच्या कुल्ल्यावर तोललेलं आहे. तो पाय डगमगला तर वरचा पाय कपाळापर्यंत जाणारच नाही. शिवाय वरचा पाय हाताने ओढून नेलेला नाही, स्वतःच्या जोराने तिथे धरलेला आहे. आपल्या घरांतल्या सतरंजीवर होणारा बहुतेक व्यायाम मात्र वरच्या पायाच्या मागे लागलेला असतो. बोटं पायाच्या अंगठ्याला लागली का, कपाळ गुडघ्याला टेकलं का, एवढंच विचारलं जातं.

शरीरशास्त्राचं म्हणणंही याच दिशेचं आहे. रोज ताण दिल्यावर काही आठवड्यांत आपण जास्त वाकू लागतो, ते बरंचसं स्नायूची लांबी वाढल्यामुळे नसतं. तो ताण सोसण्याची मज्जासंस्थेची तयारी वाढलेली असते. जिथे आधी ती धोक्याची घंटा वाजवत होती, तिथे आता गप्प राहते. हा विश्वास मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. त्या टोकाला निवांत पडून राहणं हा एक, आणि त्या टोकाला जाऊन जोर लावणं हा दुसरा. पूर्ण पल्ल्यात केलेल्या ताकदीच्या व्यायामाने सांध्यांची मोकळीक जवळपास ताणाच्या व्यायामाइतकीच वाढते असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. उलट मात्र होत नाही: नुसत्या पडून दिलेल्या ताणाने जिना चढायची ताकद फारशी येत नाही. त्यामुळे ज्याच्याकडे दिवसाची वीसच मिनिटं आहेत, त्याने ती कशात घालवावी याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सकाळी कंबर आखडली म्हणून हळूच दिलेला ताण सुखाचा असतो, तो जरूर द्यावा. त्यावर थांबू नये, एवढंच.

आपल्या तालमीला हे ठाऊक होतं. एक जोर घ्या. हात जमिनीवर, पाय मागे, कंबर वर उचललेली. इथे पोटऱ्या आणि मांडीच्या मागच्या शिरा ताणलेल्या आहेत, खांदे पूर्ण उघडलेले. मग कोपरं वाकवत छाती हातांच्या मधून जमिनीला घासल्यासारखी पुढे काढायची. इथे सगळा भार दंडांवर, छातीवर, मनगटांवर. मग हात सरळ करत छाती वर, कणा मागे कलता, आणि आता पोट आणि जांघांचा पुढचा भाग ताणलेला. पुन्हा मागे. एका जोरात मागचं ताणलं, पुढचं ताणलं, आणि दोन्हींच्या मध्ये स्वतःचं वजन ढकललं. पंचवीस जोर घालणारा माणूस वेगळं 'स्ट्रेचिंग' कशासाठी करील? तमिळ तालमीतही हेच तण्डाल नावाने घालतात आणि बैठकांना बस्की म्हणतात. सूर्यनमस्कारात हीच क्रिया सौम्य करून घराघरांत आणली गेली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळांत नेले, स्वतः आयुष्यभर घातले आणि 1938 साली लंडनमध्ये त्यावर इंग्रजी पुस्तक निघालं.  बडोद्यात द. चिं. मजुमदारांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश मराठीत काढला. इतकं सारं मराठीत लिहिलेलं असताना आपण घरी काय करावं हे परक्या भाषेतल्या चित्रफितींना विचारतो, याचं वाईट वाटतं.

पण तालमीचं कौतुक करताना एक गोष्ट दडवणं मला जमणार नाही. ही सारी परंपरा बहुतांशी पुरुषांची होती. मल्लखांब, जोर, बैठका, हौदा हे घराबाहेर, आणि बाईला बाहेर जागा नव्हती. तिला जे सांगितलं गेलं ते आजही सांगितलं जातं: घरकामातच एवढा व्यायाम होतो, आणखी कशाला? हे वाक्य मला अन्यायाचं वाटतं. जातं ओढणं, विहिरीचं पाणी शेंदणं, अंगण सारवणं, कावेरीकाठच्या घरांपुढे रोज पहाटे कमरेत वाकून कोलम्, म्हणजे रांगोळी, काढणं, हे कष्ट आहेत. त्यांनी शरीर वापरलं जातं यात वाद नाही. पण कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. व्यायामात भार हळूहळू वाढवायचा असतो, दोन्ही बाजूंना सारखा द्यायचा असतो, थकल्यावर थांबायचं असतं आणि मग विश्रांती घ्यायची असते. त्या विश्रांतीतच स्नायू वाढतो. कष्टात यातलं काहीच बाईच्या हातात नसतं. तीच बाजू, तोच वाक, तेवढाच भार, ताप आला तरी आणि बाळंतीण असली तरी. म्हणून तर आयुष्यभर राबलेल्या बायकांच्या कंबरा आणि गुडघे तालीम केलेल्या पुरुषांच्या आधी गेलेले दिसतात. आता मिक्सर आणि कपड्यांचं मशीन आलं, कष्ट काही घरांत कमी झाले, पण वाक्य तेच राहिलं. पाळी गेल्यानंतर बाईची हाडं झपाट्याने विरळ होऊ लागतात. नेमका तेव्हा हाडांवर आणि स्नायूंवर भार टाकणारा व्यायाम तिला हवा असतो, आणि नेमका तेव्हा घर तिला सांगतं की आता वय झालं, जपून. पन्नाशीच्या बाईने दार लावून वीस मिनिटं स्वतःसाठी जोर-बैठका काढणं ही घराने मान्य करायची गोष्ट आहे. चहा त्या वीस मिनिटांनंतर होईल.

सडपातळ माणसं या चर्चेत स्वतःला धरत नाहीत, त्यांच्यासाठी पुण्याचं एक उदाहरण आहे. के. ई. एम. रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आपल्या दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांच्या 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. आपल्या लोकांचं बारीक दिसणारं शरीर स्नायूंनी गरीब आणि चरबीने श्रीमंत असतं, आणि मधुमेह आपल्याला लवकर गाठतो याच्याशी या गोष्टीचा संबंध आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवून घेणारं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. ते लहान असेल तर नुसतं चालून काम भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या सूचनांत आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आहेच, पण त्याबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही आहे. सकाळी बागेत फेऱ्या मारणारी आपली बहुतेक ज्येष्ठ मंडळी पहिली अट पाळतात. दुसरीचं नावही बऱ्याच जणांनी ऐकलेलं नसतं.

बैठकांवर एक आक्षेप घेतला जातो तो गुडघ्यांचा, आणि तो खरा आहे. बीजिंगमधल्या वृद्धांच्या एका मोठ्या पाहणीत, तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्यांना गुडघ्याची झीज जास्त आढळली. तासन्‌तास बसून राहणं आणि दहा वेळा खाली जाऊन वर येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, तरी दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला पहिल्याच दिवशी तालमीतली बैठक सांगणं हा अविचार होईल. तिथे टाचा उचलल्या जातात, गुडघे बोटांच्या पुढे जातात, आणि तो भार पेलायला वर्षांची तयारी लागते. त्याने खुर्चीपासून सुरुवात करावी. हात छातीवर बांधायचे, खुर्चीवर टेकायचं आणि उठायचं. सोपं वाटलं की खुर्चीऐवजी बुटका स्टूल, मग पाट, मग जमीन. जोराचंही तेच: आधी भिंतीला हात लावून, मग ओट्याला, मग पलंगाच्या कडेला, मग जमिनीवर. गुडघा बदललेला असेल, रक्तदाब चढा असेल, हाडं ठिसूळ असतील तर डॉक्टरांना विचारून. व्यायाम करताना मांडी भरून येणं ठीक. सांध्यात टोचलं की थांबायचं आणि एक पायरी मागे जायचं.

घरच्या व्यायामात एक उणीव आहे, ती मोकळेपणाने सांगितली पाहिजे. जमिनीवर ढकलायचे व्यायाम पुष्कळ, ओढायचा जवळपास एकही नाही. म्हणून नुसते जोर घालणाऱ्यांचे खांदे पुढे येतात. मल्लखांबाने आणि दोरीच्या मल्लखांबाने ही उणीव भरून काढली होती. पकड, पाठ, पोट, सगळं ओढून धरायचं. आता ब्लॉकमध्ये मल्लखांब कुठून आणणार? जुन्या घरांत झोपाळ्याच्या कड्या असत, तंजावरकडच्या घरांतही मधल्या खोलीत ऊंजल् असतो. कडी पक्की असेल तर तिला दोरी बांधून नुसतं लोंबकळणंही खांदे मोकळे करतं आणि पकड वाढवतं. नाहीतर दाराच्या चौकटीत पक्का बसणारा बार. हाताची पकड हे एकूण ताकदीचं विश्वासाचं माप आहे. सतरा देशांतल्या सुमारे 1,40,000 लोकांच्या, 2015 साली आलेल्या अभ्यासात कमी पकडीचा संबंध वाढत्या मृत्युदराशी दिसला, आणि त्या सतरा देशांत भारतही होता.

मग हे रोज कसं व्हावं? इथे मी पुन्हा पट्टीश्वरमच्या गणपतीकडे वळतो, कारण व्यायामाच्या पुस्तकांत जे सहसा नसतं ते तिथे आहे. तोप्पुकरणम् करायला कुणी स्वतःला समजावत नाही, वेळ काढत नाही, कपडे बदलत नाही. ठरलेली जागा आली की गुडघे आपोआप वाकतात. आपल्याकडे संध्याकाळी दिवा लावायची जशी ठरलेली जागा आणि वेळ असते, तशी या वीस मिनिटांना हवी. देवाशी जोडायचं नसेल तर दुसऱ्या कशाशीही जोडावं: दुधाच्या पातेल्याशी, अंघोळीशी, मुलाच्या शाळेच्या गाडीशी. उत्साहावर उभा केलेला व्यायाम पंधरवड्यात बसतो. जागेला बांधलेला टिकतो.

आणि दोन गोष्टी घराबाहेरच्या आहेत. शाळांनी उठाबशांची शिक्षा कायद्याच्या भीतीने नव्हे, तर बैठक ही शिक्षा असूच शकत नाही म्हणून थांबवावी, आणि पी. टी.च्या तासाला मुलामुलींना सारख्याच बैठका आणि जोर शिकवावेत, मोजून, नीट ढबीने. दुसरी गोष्ट गावोगावच्या आरोग्य शिबिरांची. साखर तपासतात, रक्तदाब घेतात, वजन करतात. त्या टेबलाशेजारी एक सतरंजी अंथरावी आणि प्रत्येकाला सांगावं, बसा आणि हात न टेकता उठा. पाच आणि पाच, दहापैकी किती गुण पडले ते साखरेच्या आकड्याशेजारी त्याच कागदावर लिहून द्यावेत, आणि पुढच्या वर्षी तो कागद घेऊन या म्हणून सांगावं.